काठी, सावली आणि संगणक

गणित आणि विज्ञान शिकवताना शिक्षकांपुढे एक जुनी अडचण असते. ज्या गोष्टींविषयी बोलायचे, त्यांपैकी पुष्कळशा गोष्टी वर्गात आणता येत नाहीत. अणू डोळ्यांना दिसत नाही, ग्रह हाताला लागत नाही आणि फळ्यावर एकदा काढलेला त्रिकोण जागचा हलत नाही. तारेतून वाहणारा विद्युतप्रवाह दाखवण्यासाठी शिक्षक खडूने बाण काढतात, विद्यार्थी तो बाण वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत तोच बाण उत्तरपत्रिकेवर पुन्हा उमटतो. एवढ्या प्रवासात प्रवाह म्हणजे नेमके काय, हा प्रश्न कोणी विचारलेला असतोच असे नाही.

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा नावाचे गाव आहे. आज ते औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते. जैव तंत्रज्ञानातील ‘बायोकॉन’ ही कंपनी येथलीच. हृदयविकारावरील उपचारांसाठी प्रसिद्ध असलेले नारायणा रुग्णालय येथेच आहे, आणि थोडे अलीकडे इलेक्ट्रॉनिक्स सिटी आहे. विज्ञानाची फळे येथे पदोपदी दिसतात. परंतु अशा वसाहतीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला सुसज्ज प्रयोगशाळा येते असे नव्हे. कारखान्यातील पाळी संपवून रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुक्त शिक्षणाच्या विद्यार्थ्याला तर सुटीच्या दिवशी भरणारा संपर्क वर्ग एवढाच काय तो वर्ग. मात्र त्या वर्गात सूक्ष्मदर्शक नसला, तरी कोणाच्या ना कोणाच्या खिशात इंटरनेटला जोडलेला मोबाइल असतो. या जोडणीचा गणित आणि विज्ञान शिकण्यासाठी काय उपयोग होऊ शकतो, आणि तो करताना कोणती गोष्ट हातातून निसटू देऊ नये, हे येथे पाहावयाचे आहे.

ऑनलाइन साधने म्हटली म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्रफिती येतात. प्रत्यक्षात हे भांडार त्याहून मोठे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. पुढच्याच वर्षी युनेस्कोने अशा साहित्यासाठी ‘मुक्त शैक्षणिक साधने’ या अर्थाची संज्ञा रूढ केली. भारतात २०१३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मुक्त साधनांचा संग्रह सुरू झाला आणि २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आले. बोम्मसंद्र्याच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण म्हणजे कर्नाटकाचे. तेथील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण विभागाने बंगळूरच्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेच्या साहाय्याने २०१३ च्या सुमारास मुक्त साधनांचे संकेतस्थळ उभे केले. विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो, त्याच प्रणालीवर ते चालते, आणि त्यातील कन्नड व इंग्रजी पाठ तयार करण्यात शाळाशाळांतील शिक्षकांचा सहभाग राहिला आहे. हे विशेष महत्त्वाचे वाटते. दुसऱ्याने तयार केलेला पाठ वर्गात लावून देणे आणि आपल्या वर्गासाठी पाठ स्वतः रचणे, यांत स्वयंपाक करणे आणि बाहेरून डबा आणणे यांच्याइतके अंतर आहे.

साधन साधे असले तरी चालते. १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळूर मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्र्यापर्यंत जाणारा हा मार्ग १९.१५ किलोमीटर लांबीचा असून त्यावर १६ स्थानके आहेत. ही माहिती कोणालाही इंटरनेटवर मिळते. आता विद्यार्थ्यांना विचारावे, दोन स्थानकांमधील सरासरी अंतर किती? निम्मा वर्ग १९.१५ ला १६ ने भागतो. परंतु १६ स्थानकांमध्ये अंतरे १५ असतात. म्हणून उत्तर साधारण १.२८ किलोमीटर येते. कुंपणाचे खांब आणि खांबांमधील मोकळ्या जागा यांचा हा जुना घोळ आहे. त्यानंतर ऑनलाइन नकाशावर दोन टोकांमधील सरळ अंतर मोजावयास सांगावे. ते १९ किलोमीटरांपेक्षा कमी भरते. असे का, याचे उत्तर नकाशावरची वळणे पाहून मुले स्वतःच देतात. येथे संगणकाने काही शिकवलेले नाही. त्याने केवळ मुलांच्या परिसरातील खरी संख्या हातात दिली, आणि पाठ्यपुस्तकातील ‘एक आगगाडी ताशी अमुक वेगाने’ या निनावी गाडीच्या जागी रोज दिसणारी गाडी आली.

भूमितीमध्ये संगणकाचे काम याहून वेगळे असते. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१-०२ मध्ये ‘जिओजेब्रा’ ही संगणकप्रणाली तयार केली. ती विनामूल्य आहे. तिच्यात त्रिकोण काढून त्याचा एक शिरोबिंदू बोटाने ओढला, की त्रिकोणाचा आकार बदलत जातो, तिन्ही कोनांची मापेही बदलत जातात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. फळ्यावरचा त्रिकोण हा एकच त्रिकोण असतो, तर येथे क्षणार्धात शेकडो त्रिकोण डोळ्यांपुढून जातात. परंतु शेकडो त्रिकोण पाहणे म्हणजे सिद्धता नव्हे. एखादा विद्यार्थी पडद्यावरील तिन्ही मापे वहीत लिहून बेरीज करतो आणि उत्तर १८०.०१ येते. चाणाक्ष शिक्षक अशा संधीची वाटच पाहत असतात. दशांश चिन्हानंतर दोनच अंक दाखवण्यासाठी संगणकाने प्रत्येक माप किंचित कमीजास्त केलेले असते, त्याचा हा परिणाम. मग प्रश्न उभा राहतो की, बेरीज नेमकी १८० अंशच असते, हे कशावरून? आता शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढावी लागते, व्युत्क्रम कोनांचा गुणधर्म आठवावा लागतो, आणि युक्लिडची सिद्धता कोणी लादलेली न वाटता गरजेची वाटू लागते. संगणकाने प्रश्न निर्माण केला आणि उत्तर मात्र वहीवर मिळाले.

विज्ञानात अदृश्य गोष्टी दिसू लागतात, हा मोठाच लाभ आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००१ मध्ये मिळालेले कार्ल वीमन यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये ‘फेट’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील विद्युतपरिपथाच्या प्रतिरूपात बॅटरी, दिवा, तारा आणि कळ यांची जुळणी पडद्यावर करता येते. परिपथ पूर्ण झाला की तारेतून ठिपक्यांच्या रूपाने इलेक्ट्रॉन सरकू लागतात. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो, की दिवा प्रवाह ‘खातो’, म्हणून दिव्यानंतरच्या तारेत प्रवाह कमी असणार. दिव्याच्या दोन्ही बाजूंना अँमीटर लावून पाहिला, की दोन्हीकडे सारखाच आकडा दिसतो. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहम रोधाचा दिवा घेतला तर तो आकडा ०.९० अँपिअर असतो. ओहमचा नियम डोळ्यांसमोर पडताळला जातो, आणि कोणाचे बोट भाजत नाही की बॅटरी संपत नाही.

पण खऱ्या बॅटरीचा आणि खऱ्या दिव्याचा प्रयोग करून पाहिला, तर आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. तारेचे टोक नीट खरवडलेले नसते, जुन्या बॅटरीचा दाब घटलेला असतो, आणि दिव्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. प्रतिरूपात निसर्गाचे नियम असतात, पण निसर्गाची खोडी नसते. म्हणून ज्या वर्गात प्रतिरूप पाहून झाल्यावर विजेरीचा सुटा दिवा आणि दोन सेल टेबलावर येतात, तो वर्ग पुढे जातो. केवळ पडद्यावर थांबलेला वर्ग विज्ञान पाहतो, करत नाही. साधने थोडी असलेल्या विद्यार्थ्यासाठी हा भेद क्षुल्लक नाही. प्रयोगशाळा नाही म्हणून त्याला चित्रफीत दाखवली आणि ‘प्रयोग झाला’ असे म्हटले, तर जे त्याला मिळत नव्हते ते मिळालेले नाहीच, उलट ते मागण्याची सोयही उरत नाही.

इंटरनेटवरच याच्या उलट दिशेने जाणारे एक साधन आहे, आणि त्याचा संबंध पुण्याशी आहे. कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेतलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतील काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, झाडूच्या काड्या, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी तयार केली. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला. त्यांच्या संकेतस्थळावर ही खेळणी बनवण्याच्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत. यांतील एखादी चित्रफीत पाहिलेले मूल पडद्यासमोर बसून राहत नाही. ते उठून व्हॉल्व्हची नळी शोधू लागते. ऑनलाइन साधन चांगले की वाईट, हे ठरवण्यास यासारखी दुसरी कसोटी क्वचितच सापडेल.

आता जरा सविस्तर असे एक उदाहरण पाहू. त्यात इंटरनेट, काठी आणि दोन गावे यांची सारखीच गरज आहे.

सूर्य रोज दुपारी बरोबर डोक्यावर येतो, असे आपण बोलण्यात म्हणतो. वस्तुतः भारतातील कोणत्याही गावी तो वर्षातून जास्तीत जास्त दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील गावांना तर कधीच येत नाही. ज्या दिवशी तो डोक्यावर येतो, त्या दिवशी माध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. बंगळूर परिसरात तो २४ एप्रिलच्या आणि १८ ऑगस्टच्या सुमारास येतो. कोणत्या गावी हा दिवस कधी, हे दाखवणारा नकाशा ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या जनप्रबोधन समितीने इंटरनेटवर उपलब्ध केला आहे. बोम्मसंद्र्यात एप्रिलमध्ये ही वेळ साधारण १२ वाजून १७ मिनिटांनी येते. कारण भारतीय प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, त्याच्या पश्चिमेस हे गाव जवळजवळ पाच अंश आहे.

आता बोम्मसंद्र्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेस असलेले महाराष्ट्रातील एक शहर घेऊ, नांदेड. बोम्मसंद्रा सुमारे १२.८१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.७ अंश पूर्व रेखांशावर आहे, नांदेड १९.१५ अंश उत्तर आणि ७७.३ अंश पूर्व. दोन्ही ठिकाणी माध्यान्ह दीडएक मिनिटाच्या अंतराने होते. बोम्मसंद्र्यातील वर्गाने आणि नांदेडच्या एखाद्या वर्गाने आधी एकमेकांशी संपर्क साधून दिवस ठरवावा. त्या दिवशी दोन्हीकडे एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने अगदी सरळ उभी करावी. बोम्मसंद्र्यात सावली नाहीशी होईल. त्याच सुमारास नांदेडची सावली उत्तरेकडे पडलेली असेल आणि तिची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर भरेल.

या ११ सेंटिमीटरांत पृथ्वीचा परीघ दडलेला आहे. सूर्य इतका दूर आहे, की त्याचे किरण दोन्ही गावी परस्परांना समांतरच मानता येतात. दोन्ही काठ्या मनाने खाली जमिनीत वाढवल्या, तर त्या पृथ्वीच्या केंद्रापाशी मिळतील. बोम्मसंद्र्याच्या काठीवरून जाणारा किरण थेट केंद्राकडे जातो. नांदेडची काठी ही दोन समांतर रेषांची छेदिका ठरते. म्हणून नांदेडला किरण आणि काठी यांच्यामध्ये होणारा कोन आणि केंद्राशी दोन गावांमध्ये होणारा कोन हे व्युत्क्रम कोन होत, आणि ते समान असतात. सावली भागिले काठी हे गुणोत्तर ०.११. दहावीतील त्रिकोणमिती ज्याला येते तो टॅन्जंटच्या कोष्टकावरून कोन काढील. ज्याला येत नाही तो वहीत १० सेंटिमीटर उंचीचा आणि १.१ सेंटिमीटर पायाचा काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजील. कोन येतो सुमारे ६.३ अंश. दोन गावांमधील अंतर ऑनलाइन नकाशावर मोजले, तर ते साधारण ७०० किलोमीटर भरते. ६.३ अंशांना ७०० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? साधे त्रैराशिक आहे. उत्तर ४०,००० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे.

ही युक्ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील ग्रंथपाल एरॅटोस्थेनीस याने योजली होती. सायीनी, म्हणजे आजच्या आस्वान, येथे उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो, हे त्याला ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश भरला. दोन शहरांमधील अंतर ५,००० स्टेडिया धरून त्याने परीघ २,५०,००० स्टेडिया ठरवला.

मात्र वर दिलेले उत्तर जितके सुबक दिसते, तितके ते प्रत्यक्षात येत नाही, आणि विज्ञानाचा पाठ खरा तेथेच सुरू होतो. सावलीचे टोक धारदार नसते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाहून किंचित मोठी तबकडी आहे. त्यामुळे गडद सावलीच्या पुढे फिकट उपच्छायेची एक पट्टी असते. एक मीटरच्या काठीसाठी ही पट्टी सुमारे ९ मिलिमीटर रुंद असते. एका विद्यार्थ्याने पट्टीची आतली कड धरली आणि दुसऱ्याने बाहेरची, तर त्यांच्या पृथ्वींच्या परिघांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक फरक पडेल. एका मिलिमीटरची चूकसुद्धा साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात जाते. यावर उपाय आहे. काठीच्या टोकाशी, जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीवर, बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवावा. मग सावलीत सूर्याची वाटोळी प्रतिमा पडते, आणि वर्तुळाचा मध्य शोधणे धूसर कडेपेक्षा सोपे जाते. हा उपाय शिक्षकांनी आधीच सांगून टाकू नये. दोन गट भांडू लागले म्हणजे सांगावा.

याहून खोल अशी एक शंका आहे, आणि ती वर्गातील एखादा विद्यार्थी विचारतोच. ‘आपण पृथ्वीचा परीघ काढला खरा, पण नकाशाला ७०० किलोमीटर कसे कळले?’ प्रश्न अत्यंत योग्य आहे. ऑनलाइन नकाशा दोन गावांचे अक्षांश-रेखांश घेतो आणि पृथ्वीची ज्ञात त्रिज्या वापरून अंतर काढतो. म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच आपण गुपचूप गृहीत धरले! एरॅटोस्थेनीसचे अंतर तसे नव्हते. ते त्या काळी जमिनीवर मोजलेल्या अंतरांवर आधारलेले होते. पडद्यावर बोट ठेवताच मिळणाऱ्या संख्येमागे कोणाचे तरी श्रम असतात, आणि ऑनलाइन साधन ते श्रम झाकून टाकते. उत्तर लवकर मिळते, म्हणून ते कोठून आले हे विचारण्याची सवय मोडते. गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्याने जपावयाची गोष्ट हीच.

योगायोग असा, की हे श्रम जेथे झाले ती जागा बोम्मसंद्र्यापासून दूर नाही. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर ब्रिटिश सैन्यातील अधिकारी विल्यम लॅम्ब्टन याने १८०० मध्ये बंगळूरजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. १८०२ मध्ये त्याने मद्रासजवळ दुसरी पायारेषा मोजली आणि तेथून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला रीतसर प्रारंभ झाला. एक बाजू साखळीने मोजावयाची, मग दूरच्या टेकडीवरील खुणेकडे रोखून दोन्ही टोकांचे कोन घ्यावयाचे आणि उरलेल्या दोन बाजू गणिताने काढावयाच्या. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभारावयाचा. अशा त्रिकोणांची साखळी ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेली. हीच ‘ग्रेट आर्क’. तीच पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेऊन पोहोचवली. बोम्मसंद्रा आणि नांदेड यांना जोडणारी आपली कल्पित रेषा या साखळीच्या शेजारूनच जाते. वर्गातील मुलांना शंकेचे निरसन हवे असेल, तर लॅम्ब्टनच्या साखळीची हकीकत सांगावी आणि शाळेच्या मैदानावर लहानसा त्रिकोण खरोखर आखून पाहावा. दोरी, दोन खुंट्या आणि कोनमापक यांवर ते भागते. मोजलेला त्रिकोण मग जिओजेब्रात उतरवून तिसरी बाजू ताडून पाहता येते.

व्यवहारातील अडचणी अर्थात आहेत. एप्रिलच्या अखेरीस कर्नाटकातील शाळांना उन्हाळी सुटी असते आणि ऑगस्टमध्ये आकाश ढगाळ असते. संपर्क वर्गाला शाळेच्या सुटीचे बंधन नसले, तरी पाऊस कोणालाच चुकलेला नाही. तसेच इंटरनेटची जोडणी नेमकी तासाच्या वेळी जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. चित्रफिती आणि प्रतिरूपे आदल्या दिवशी उतरवून घेतली, तर त्या अडचणीतून वाट निघते. फेटची बहुतेक प्रतिरूपे आणि जिओजेब्रा जोडणीशिवायही चालतात. भाषेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. बोम्मसंद्र्यासारख्या वसाहतीत एकाच बाकावर कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि क्वचित मराठी बोलणारी मुले बसतात. प्रतिरूपाला भाषा थोडी लागते, चर्चेला मात्र भरपूर लागते. चित्र पाहून समजले असे वाटते, पण ‘का’ सांगताना शब्द अडतो. अशा वेळी मुलांना आपापल्या भाषेत एकमेकांना समजावू द्यावे आणि नंतर ते वर्गाच्या भाषेत आणावे. यात वेळ जातो, पण तो वाया जात नाही.

सावलीच्या प्रयोगासाठी शून्य सावलीचाच दिवस हवा असे मात्र नाही. कोणत्याही दिवशी माध्यान्ही दोन्ही गावी कोन मोजले आणि त्यांची वजाबाकी केली, तरी तेच ६.३ अंश मिळतात. अपवाद फक्त एप्रिल ते ऑगस्टमधील ज्या दिवसांत सूर्य दोन गावांच्या मधल्या अक्षांशावर असतो त्यांचा. तेव्हा एका गावी सावली दक्षिणेला आणि दुसऱ्या गावी उत्तरेला पडते, आणि कोनांची बेरीज करावी लागते. हे असे का, हा प्रश्न वर्गासाठी सोडून देण्याजोगा आहे. सर्वांत सोयीचा दिवस म्हणजे २२ डिसेंबर. आकाश बहुधा निरभ्र असते आणि सावल्या लांब असतात. माध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी फारशी बदलत नाही, त्यामुळे घड्याळ एकदोन मिनिटांनी चुकले तरी बिघडत नाही. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करीत जावे आणि सर्वांत आखूड सावली निवडावी. एक मीटर काठीची ती सावली बोम्मसंद्र्यात सुमारे ७३ सेंटिमीटर, तर नांदेडला सुमारे ९२ सेंटिमीटर भरली पाहिजे.

तिसरे गाव जोडावयाचे असेल, तर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट निवडावे. बोम्मसंद्र्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हाच हैदराबाद ओलांडून हिंगणघाटला पोहोचतो. त्याच गावी, सर्वेक्षणाचे काम पुढे नेत असताना, जानेवारी १८२३ मध्ये लॅम्ब्टनचा मृत्यू झाला, आणि त्याची कबर तेथेच आहे. हिंगणघाट नांदेडपेक्षा दीड अंश पूर्वेला असल्याने तेथे माध्यान्ह सहाएक मिनिटे आधी होते, हे तेथील वर्गाने लक्षात ठेवावे. २२ डिसेंबरला तेथे सूर्य शिरोबिंदूपासून जवळजवळ ४४ अंश दक्षिणेला असतो. एक मीटर काठीची सावली साडेशहाण्णव सेंटिमीटर पडते, म्हणजे काठीएवढी होण्यास जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उरतात.